ओव्हनशिवाय फळांचा गार केक: भर उन्हाळ्यात पाणी न सुटता, न वितळता

उन्हाळ्यात गोड करायचं म्हटलं की ओव्हनसमोर उभं राहणं नको वाटतं आणि जड काही खाणंही नको वाटतं. म्हणून खाली बिस्किटांचा थर, मध्ये दही-क्रीमचं मऊ मिश्रण आणि वर फळ असा फ्रिजमध्ये सेट होणारा केक सगळ्यांनाच सोपा वाटतो. तो सोपा आहेच. तरी उन्हाळ्यात तो बिघडतो, आणि बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा प्रमाण बरोबर असतं. चुकलेला असतो तो फळातल्या पाण्याचा आणि खोलीतल्या उष्णतेचा हिशेब. फळ जितकं रसाळ, तितकं खायला छान आणि केकात घालायला अवघड.

खालची कृती आंब्याची आहे, पण पद्धत बऱ्याच फळांना चालते. कोणतं फळ कसं वापरायचं ते पुढे सविस्तर येईल.

केक कशावर उभा राहतो

न भाजलेल्या केकात आकार धरून ठेवणारं मैदा-अंडं नसतं. नेहमीच्या कृतीत तीन गोष्टी त्याला उभं करतात: बिस्किटांना बांधणारं बटर, फेटलेलं क्रीम आणि त्या क्रीमला धरणारं जिलेटिन (प्राण्यांपासून मिळणारं, जेली जमवणारं प्रथिन). बटर ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पातळ होतं. जिलेटिनची जेली ३० अंशांच्या आसपासच सैल पडायला लागते; ती तोंडात विरघळते ती याच गुणामुळे. फेटलेल्या क्रीममधली हवा थंड स्निग्धांशाच्या आधाराने टिकते, आणि क्रीम कोमट असेल तर ते फेटलंच जात नाही. आता उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर आठवा. दुपारी ३३-३४ अंश सहज असतात, म्हणजे तिन्ही आधार एकदमच डळमळतात.

त्यामुळे या कृतीत मी दोन बदल केले आहेत. जिलेटिनच्या जागी चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, आणि क्रीम अजिबात फेटायचं नाही.

अगर-अगर समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींचा प्रश्नही मिटतो. पण खरा फायदा त्याच्या स्वभावात आहे. ते उकळल्याशिवाय विरघळत नाही, ३५ ते ४० अंशांच्या आसपास घट्ट होतं, आणि एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही. उन्हाळ्यातली कुठलीच दुपार तिथवर पोचत नाही. जंतू वाढवायला प्रयोगशाळांमध्ये अगर वापरतात, त्याची सुरुवातही अशाच अडचणीतून झाली. १८८१ च्या सुमारास जर्मनीत डॉ. वाल्टर हेसे यांच्या जिलेटिनच्या बशा उष्णतेने पातळ होत होत्या. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेलीसाठी अगर वापरायच्या. त्यांनी ते सुचवलं आणि प्रयोगशाळेने ते कायमचं उचललं.

अगरचा एक दोषही सांगायला हवा. जिलेटिनची जेली लवचीक असते, अगरची ठिसूळ. नुसत्या पाण्यात किंवा रसात ते जास्त झालं तर चावताना तुकडे-तुकडे होतात आणि कडेने पाणी सुटतं. चक्का आणि क्रीम यांच्यासारख्या दाट, स्निग्ध मिश्रणात मात्र हा दोष जवळजवळ जाणवत नाही. म्हणून अगर वापरायचं तर मधला थर दाटच हवा.

साहित्य

२० सेंटिमीटर व्यासाचा, निदान ७ सेंटिमीटर उंच, तळ सुटा होणारा साचा. यात ८ ते १० जणांना पुरेल इतका केक होतो.

बिस्किटांच्या थरासाठी: साधी, फार गोड नसलेली बिस्किटं १८० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ. व्हाइट चॉकलेट ५० ग्रॅम ऐच्छिक आहे, पण घ्याच असं मी सांगेन.

मधल्या थरासाठी: चक्का ३५० ग्रॅम (साधारण १ किलो घट्ट दह्याचा), पॅकेटमधलं क्रीम २०० मिली, आटवलेला आंब्याचा गर २५० ग्रॅम (४०० ग्रॅम ताज्या गरापासून), कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, अगर-अगर पावडर ५ ग्रॅम, पाणी १५० मिली, लिंबाचा रस १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ.

वरच्या थरासाठी: गाळलेला गर २०० ग्रॅम, पाणी १०० मिली, साखर ३० ग्रॅम, अगर-अगर पावडर २ ग्रॅम.

वाढताना: १-२ पिकलेल्या, पण घट्ट आंब्यांच्या फोडी.

अगर चमच्याने मोजू नका. पावडर किती बारीक आहे त्यावर एका चमच्यात कमी-जास्त मावते, आणि इथे १ ग्रॅमचा फरकही लगेच कळतो. छोटा वजनकाटा नसेल तर पाकिटावरचं वजन बघून पावडरचे कागदावर समान भाग पाडा. पट्ट्यांचं चायना ग्रास असेल तर तेवढ्याच वजनाचं घ्या, कात्रीने बारीक कापा आणि अर्धा तास पाण्यात भिजवा. मग विरघळेपर्यंत जरा जास्त वेळ उकळा.

क्रीम फेटायचं नसल्यामुळे २५ टक्के स्निग्धांशाचं साधं क्रीमही चालतं. ते एरवी कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

आदल्या संध्याकाळी: चक्का आणि गर

दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधा, चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, वर थोडं वजन, आणि हे सगळं फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात दही ओट्यावर टांगून ठेवलं तर रात्रभरात ते आंबट होतं, आणि तो आंबटपणा नंतर कितीही साखर घातली तरी लपत नाही. ८ ते १० तासांत १ किलो दह्याचा साधारण ४०० ग्रॅम चक्का होतो. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला आणि त्यात पाणी जमलं नाही, की चक्का झाला. तो बारीक चाळणीतून एकदा घासून घ्या. नाहीतर त्याच्या गुठळ्या शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत.

मग गर. या केकचं अर्धं यश इथे आहे, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आंब्याच्या गरात पाचातले चार भाग पाणी असतं. तो तसाच मिश्रणात घातला तर त्यातलं पाणी हळूहळू सुटतं, बिस्किटांत मुरतं, आणि दुसऱ्या दिवशी तळाचा लगदा होतो. म्हणून गर मिक्सरमधून काढा, गाळून रेषा वेगळ्या करा आणि ४०० ग्रॅम गर पसरट, जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा. पहिली पाच मिनिटं विशेष काही घडत नाही. मग कडेने बुडबुडे येतात आणि गर उडायला लागतो. याचे चटके सणसणीत बसतात, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या. १२ ते १५ मिनिटांत रंग पिवळ्यावरून केशरीकडे झुकतो आणि आवाजही बदलतो, खदखद जाऊन जड, मंद फुटफुट ऐकू येते. कालथा तळावरून ओढला की त्याची वाट दोन सेकंद उघडी राहिली पाहिजे. तेव्हा वजन करा. २५० ग्रॅमच्या आसपास आलं की आच बंद. लोखंडी कढई वापरू नका, गर काळवंडतो आणि चवही बदलते.

गर आटवल्याने आंब्याचा ताजा वास थोडा कमी होतो, हे खरं आहे. त्याची भरपाई वाढताना वर घातलेल्या ताज्या फोडी करतात. आतला गर चवीला, वरच्या फोडी वासाला. दोन्हीकडून सगळं मागायला गेलं की पाणी सुटतं.

आटवलेला गर गार करून डब्यात भरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर चांगला राहतो. आंबे एकदम पिकले असतील तर आजच आटवून ठेवा, केक सवडीने करा.

बिस्किटांचा थर

हे काम आणि पुढचं मिश्रण सकाळी लवकर उरकावं. स्वयंपाकघर गार असतं, आणि फ्रिजही दिवसभराच्या उघडझापीने अजून दमलेला नसतो.

बिस्किटांचा जाडसर भुगा करा. अगदी पीठ केलं तर थर दगडासारखा बसतो आणि सुरीखाली फुटतो. मोठे तुकडे राहिले तर थर सुटा पडतो. बटर वितळवून, मीठ घालून भुग्यात नीट चोळा. मूठ आवळल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर फुटला पाहिजे. बोटांना तूपट ओल लागत असेल तर बटर जास्त झालंय, एक-दोन बिस्किटं आणखी घाला.

साच्याच्या तळाला बटर पेपर लावा. कडेलाही ५-६ सेंटिमीटर उंचीची पट्टी आतून चिकटवली तर नंतर केक सोडवताना सुरी फिरवावी लागत नाही. भुगा पसरून सपाट बुडाच्या वाटीने दाबा. आधी कडा, मग मध्य. कडेचा कोपरा नीट दाबला नाही तर मिश्रण तिथूनच खाली उतरतं.

साचा १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. मग व्हाइट चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून ब्रशने त्या थरावर पातळ लावा आणि पुन्हा १० मिनिटं फ्रीझरमध्ये. चॉकलेटमधला स्निग्धांश गार झाल्यावर घट्ट होतो आणि वरची ओल खाली उतरू देत नाही. केक त्याच दिवशी संपणार असेल तर हे सोडून द्या. दुसऱ्या दिवशीही तळ कुरकुरीत हवा असेल तर याला पर्याय नाही.

सुटा तळ असलेला साचा नसला तर चौकोनी डब्यात बटर पेपर असा घाला, की दोन बाजूंनी कागद बाहेर राहील. त्यालाच धरून केक उचलता येतो. पाहुणे खूप आणि ऊन कडक असेल तर मी सरळ काचेचे ग्लास वापरायला सांगेन. कापणं नाही, उभं राहण्याची चिंता नाही, आणि लहान असल्याने ते दोन-अडीच तासांत सेट होतात. ग्लाससाठी मधल्या थरातलं अगर ५ ऐवजी ३ ग्रॅम पुरे.

मधला थर

सुरुवातीलाच चक्का, क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क फ्रिजबाहेर काढून अर्धा तास ठेवा. याला कारण आहे. अगरचं गरम पाणी फ्रिजमधून काढलेल्या चक्क्यात पडलं की ते जागच्या जागी गोठतं आणि मिश्रणात जेलीचे बारीक दोरे होतात. केक खाताना वाळूसारखं काही दाताखाली येतं ते हेच. ते नंतर काढता येत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात १५० मिली गार पाणी घ्या, अगर भुरभुरवून पाच मिनिटं तसंच राहू द्या. गरम पाण्यात थेट टाकलं तर गोळे होतात. मग मध्यम आचेवर ढवळत उकळी आणा, आणि उकळी आल्यावरही दोन-तीन मिनिटं मंद उकळत ठेवा. सुरुवातीला पाणी गढूळ दिसतं, मग दाट होत पारदर्शक होतं. चमचा बुडवून त्याची पाठ उजेडात धरा. बारीक कण दिसले तर अजून एक मिनिट. इथे लिंबाचा रस घालू नका. आंबट पाण्यात उकळलं की अगरची पकड सैल होते. आंबट काहीही घालायचं ते अगर विरघळून आच बंद झाल्यावर.

दुसऱ्या गॅसवर आटवलेला गर गरम करून ठेवा. अगर विरघळलं की आच मंद करा, त्यात क्रीम धारेने ओता, ढवळा, मग गरम गर घाला. एक वाफ येऊ द्या आणि खाली उतरवा.

आता बशीची परीक्षा. एक बशी आधीपासून फ्रीझरमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर चमचाभर मिश्रण टाका आणि दोन मिनिटं थांबा. त्याची चकती चांगली घट्ट, कडेने धरून उचलता येईल अशी झाली पाहिजे. जरा जास्तच घट्ट वाटेल, तसंच हवं. अजून जवळपास तेवढंच साहित्य मिसळायचं आहे आणि त्याने पकड निम्मी होणार आहे. चकती मऊ पडली तर १ ग्रॅम अगर ३० मिली पाण्यात वेगळं उकळून मिसळा. ही दुरुस्ती इथेच शक्य आहे. चक्का घातल्यावर मिश्रण उकळता येत नाही, फाटतं.

मग कंडेन्स्ड मिल्क, मीठ, लिंबाचा रस घाला. चक्का तीन भागांत घाला, दर वेळी हातफेट्याने सावकाश फिरवा. जोरात फेटून हवा भरू नका, वर बुडबुडे राहतात. सगळं एकत्र झाल्यावर मिश्रण ४५ अंशांच्या आसपास असतं, बोटाला गरमसर पण चटका न देणारं. हातात फार वेळ नसतो, पण धावपळ करावी असंही नाही.

चव आत्ताच बघा, आणि ती किंचित जास्त गोड लागली पाहिजे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. कोमट असताना बरोबर वाटलेला केक फ्रिजमधून काढल्यावर सपक लागतो. आंबा फार गोड असेल तर साखरेऐवजी लिंबाचे दोन-चार थेंब वाढवा. आंबटपणाची धार असली की गोडी उठून दिसते.

साचा फ्रीझरमधून काढा. आधी दोन-तीन डावच मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळू ओता आणि सगळीकडे पसरू द्या. गार थरावर ते मिनिटभरात धरतं आणि तळाला झाकण बसतं. मग उरलेलं सावकाश ओता. एकदम सगळं ओतलं तर खालचं बटर सुटतं आणि भुगा वर तरंगतो. साचा ओट्यावर एक-दोनदा हलके आपटा, वरचे बुडबुडे सुईने फोडा, आणि पंधरा मिनिटं बाहेरच राहू द्या. अगर बाहेरच धरायला लागेल. मग फ्रिजमध्ये.

वरचा थर

अगरचे दोन थर एकमेकांना चिकटायला नाखूश असतात. खालचा थर पूर्ण गार आणि गुळगुळीत झाला असेल, तर कापताना वरची चकती सरकून वेगळी निघते. म्हणून वरचा थर तासाभरातच ओतायचा: खालचा धरलेला, पण बोट लावल्यावर किंचित चिकट. उशीर झालाच तर पृष्ठभागावर काट्याने हलक्या रेघा ओढा. वर वाफेचे थेंब जमले असतील तर ते टिपून घ्या.

१०० मिली पाण्यात २ ग्रॅम अगर आधीसारखंच विरघळवा, साखर घाला, मग गाळलेला गर घालून एक उकळी आणा आणि गाळून घ्या. थोडं निवू द्या. फार गरम ओतलं तर खालच्याला खळगे पडतात, फार थांबलात तर पातेल्यातच जमतं. असं झालंच तर घाबरायचं कारण नाही, या थरात दही नाही; पुन्हा गरम केला की पातळ होतो. चमच्याच्या पाठीवरून ओता आणि साचा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा.

आंबा नसेल तर

अननस, किवी, पपई आणि अंजीर ही फळं कच्ची घालू नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. अननसातलं ब्रोमेलेन, किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन, पपईतलं पपेन. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे या फळांसोबत ते सेट होतच नाही. अगर प्रथिन नसल्याने ते सेट होतं, आणि इथेच लोक फसतात. केक उभा राहतो, पण ती विकरं आता दूध-दह्यातली प्रथिनं तोडायला लागतात आणि काही तासांत मिश्रण कडवट होतं. उपाय साधा आहे. फोडी साखरेसोबत चांगल्या पाच-सात मिनिटं खळखळून शिजवा, विकरं निकामी होतात. डब्यातला अननस बंद करतानाच तापवलेला असतो, तो पाणी निथळून थेट चालतो. किवीचा सुंदर हिरवा रंग शिजवल्यावर मळकट होतो, त्यामुळे ती वाढायच्या क्षणी वर ठेवायलाच बरी.

स्ट्रॉबेरी, चेरी, जांभूळ, ब्लूबेरी या मंडळींना साखर लावून अर्धा तास ठेवा, रस सुटेल. तो रस गाळून अर्धा होईपर्यंत आटवा आणि मग फळ त्यात कुस्करून एक उकळी द्या. फळासकट आटवत बसलात तर ताजेपणा जातो. गोठवलेली फळं इथे ताज्यांपेक्षा सोयीची पडतात, कारण वितळताना ती आपणहून रस सोडतात.

कलिंगड आणि खरबूज मधल्या थरात घालूच नयेत. त्यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आटवलं की ना रंग राहतो ना वास. त्यांचे गार गोळे वर ठेवा, तेही पाणी टिपून. द्राक्षं अर्धी चिरून वर छान दिसतात. संत्र्या-मोसंबीचा रस वरच्या थराला चालतो, फक्त अगर साध्या पाण्यात आधी पूर्ण विरघळवून मग रस घाला आणि २ ऐवजी ३ ग्रॅम घ्या. केळं काळं पडतं. लिंबाचा रस लावून तासभर लांबवता येतं, तेवढंच.

क्रीम फेटून हलका केक हवा असेल तर

तोही होतो, पण खोली गार असेल तरच या वाटेला जा. अगरऐवजी १० ग्रॅम जिलेटिन ६० मिली गार पाण्यात दहा मिनिटं फुगवा, गरम पाण्याच्या भांड्यावर विरघळवा (उकळू नका), कोमट गरात मिसळा, मग कंडेन्स्ड मिल्क आणि चक्का. मिश्रण पूर्ण निवलं की निदान ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम बर्फावर ठेवलेल्या भांड्यात मऊ टोकं येईपर्यंत फेटा आणि हलक्या हाताने मिसळा. भांडं आणि फेटणीही आधी फ्रीझरमध्ये ठेवा. अशा केकला रात्रभर फ्रिज लागतो, आणि ताटात तो दहा-पंधरा मिनिटंच रुबाबात उभा राहतो. कच्चं अंडं फेटून घालायच्या जुन्या कृती उन्हाळ्यात टाळलेल्याच बऱ्या.

फ्रिज, कापणं, वाढणं

केक खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा. दारातली आणि वरच्या फळीची जागा उघडझापीने सारखी तापते. पहिले दोन तास झाकण लावू नका, वाफेचे थेंब वर पडतात. मग घट्ट झाका, कारण क्रीम-दही शेजारच्या कांद्या-लसणाचा वास पटकन उचलतात. अगरचा केक चार तासांत कापता येतो, पण चव एकजीव व्हायला सात-आठ तास द्या. लवकर व्हावा म्हणून फ्रीझरमध्ये ढकलू नका. अगर गोठलं की त्याची जाळी तुटते आणि वितळताना सगळं पाणी बाहेर येतं.

साचा सोडवायला कडेने गरम पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा मिनिट गुंडाळा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सरळ खाली दाबा. करवतीसारखी मागे-पुढे केली तर फळाचा रंग पांढऱ्या भागावर ओढला जातो. प्रत्येक कापानंतर पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. बशा अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा, त्याचा फरक पडतो. ताज्या फोडी चिरून, कागदाने टिपून, अगदी शेवटी वर ठेवा.

अगरमुळे केक उन्हातही आकार धरून राहतो, म्हणून तो खाण्याजोगाही राहतो असं समजू नका. यात दूध, दही, क्रीम आहे. फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर नको, आणि हवा ३२ अंशांच्या पुढे असेल तर एक तासच. हे तास एकूण धरायचे, दर वेळी नव्याने नाही. बाहेर न्यायचा असेल तर साच्यासकट, बर्फाच्या पिशव्या खाली आणि बाजूला लावलेल्या डब्यात न्या, तिथे पोचल्यावर सोडवा.

काही बिनसलंच तर

कापल्यावर बशीत पाणी जमतंय: गर कमी आटला किंवा अगर जास्त झालं. त्या दिवशी टिपून वाढा, पुढच्या वेळी गराचं वजन करा.

मध्ये मऊ, कडेला घट्ट: बहुधा वेळच कमी मिळालाय. अजून तीन तास द्या. तरीही मऊच राहिला तर कापायचा हट्ट सोडा, बिस्किटांच्या थरासकट चमच्याने ग्लासात भरा आणि वर फोडी घाला. चवीत काहीच फरक नसतो.

तळ साच्याला चिकटलाय: बटर गोठून घट्ट झालंय. तळ बाहेरून कोमट फडक्याने पुसा आणि पातळ कालथा सरकवा.

वर बारीक भेगा: फ्रिजमध्ये उघडा जास्त वेळ राहिला. फोडी झाकतील.

उरलेला केक झाकून तीन दिवस चांगला राहतो, वर ताज्या फोडी ठेवल्या असतील तर त्या काढून. चौथ्या दिवशी तो दिसायला ठीक असला तरी टाकून द्यावा.